आधी देणे, मग सेवा : पोरिरुआतील समाजकार्याचे शिक्षण

समाजकार्याच्या शिक्षणात एक जुना पेच आहे. मानवी वर्तन, सामाजिक धोरण, कायदा, मुलाखतीचे तंत्र हे सारे वर्गात शिकवता येते आणि त्याची परीक्षाही घेता येते; परंतु ज्या माणसांच्या आयुष्यात उद्या आपण पदाच्या अधिकाराने शिरणार आहोत, त्यांच्याशी आपले नाते कोणते आणि त्या नात्यात आपण नेमके कशाला बांधलेले आहोत, याची जाणीव विद्यार्थ्यात कशी रुजवायची, हे क्रमिक पुस्तकातून साधत नाही. त्यावर जगभर सापडलेला उपाय साधारण एकच आहे : विद्यार्थ्याला वस्तीत पाठवायचे, तिथे काम करायला लावायचे आणि त्या कामावर त्याला विचार करायला लावायचा. उपाय योग्य असला तरी पुरेसा नाही, कारण वस्तीत गेलेला विद्यार्थी जबाबदारी घेऊन परततो तसाच नुसती कणव घेऊनही परततो, आणि दोन्हींची दैनंदिनी वरकरणी सारखीच दिसते. हा फरक कुठे पडतो हे समजून घेण्यासाठी न्यूझीलंडमधील पोरिरुआ हे शहर फार उपयोगी आहे, कारण तिथे विद्यार्थी ज्या समाजाच्या दारात जातो, त्या समाजाकडे एक लांबलचक हिशेब लिहून ठेवलेला आहे.

वेलिंग्टन या राजधानीपासून उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर, खाडीच्या दोन फाट्यांभोवती वसलेल्या या शहराची लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास आहे. त्यात पाचव्या हिश्श्याहून अधिक माओरी, तर सुमारे चौथा हिस्सा सामोआ, टोकेलाऊ, कुक बेटे अशा पॅसिफिक बेटांतून आलेल्या कुटुंबांचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने इथे भाड्याच्या सरकारी घरांच्या मोठ्या वसाहती उभारल्या. पूर्वेकडील कॅनन्स क्रीक आणि वाइतांगिरुआ या वस्त्या त्यातूनच आकाराला आल्या आणि १९६५ मध्ये पोरिरुआला शहराचा दर्जा मिळाला. १९७५ मध्ये सुरू झालेला टॉड मोटर्सचा मोटारजोडणीचा कारखाना पुढे मित्सुबिशीकडे गेला आणि १९९८ मध्ये बंद पडला. त्याहून जुनी खूण म्हणजे १८८७ मध्ये सुरू झालेले मनोरुग्णालय. एकेकाळी देशातील मोठ्या रुग्णालयांत गणल्या गेलेल्या या संस्थेतील रुग्ण विसाव्या शतकाच्या अखेरीस धोरण बदलल्यावर हळूहळू समाजात परत पाठवले गेले. घर, रोजगार आणि मानसिक आरोग्य हे समाजकार्याचे तीन नेहमीचे विषय एवढ्याशा भूभागात एकत्र आले आहेत. तरीही पोरिरुआचे वेगळेपण या तिन्हींत नाही, ते जमिनीच्या इतिहासात आहे.

या परिसरावर न्गाती तोआ या इवीचे, म्हणजे माओरी जमातीचे, अधिष्ठान आहे. १८२० च्या दशकात ते रौपराहा या सरदाराच्या नेतृत्वाखाली ही जमात उत्तरेकडील काफिया परिसरातून स्थलांतर करून इथे आली. ६ फेब्रुवारी १८४० रोजी ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात वाइतांगीचा करार झाला आणि त्याच्या प्रतीवर पुढे ते रौपराहानेही सही केली. सहा वर्षांनी, १८४६ मध्ये, गव्हर्नर ग्रे याने त्याच ते रौपराहाला हल्लीच्या प्लिमर्टनजवळ पहाटेच्या वेळी पकडून नेले आणि कोणताही खटला न चालवता सुमारे दीड वर्ष अटकेत ठेवले. तो अटकेत असतानाच जमातीकडून मोठे भूप्रदेश सरकारने खरेदी करून घेतले. १८४८ मध्ये तो सुटून आला. त्याच वर्षी न्गाती तोआने खाडीच्या मुखाजवळील फितिरेया येथील सुमारे ५०० एकर जमीन अँग्लिकन चर्चला दिली. अट एकच होती, की तिथे जमातीच्या मुलांसाठी शाळा उभी राहावी.

ती शाळा कधीच उभी राहिली नाही. जमीन मात्र सरकारी सनदेने बिशपच्या नावावर चढली. जमातीतर्फे विरेमू पराता, म्हणजेच वी पराता, या माजी संसद सदस्याने न्यायालयात दाद मागितली तेव्हा १८७७ मध्ये मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी दावा फेटाळला आणि जाता जाता वाइतांगीचा करार कायद्याच्या दृष्टीने शून्यवत असल्याचा शेरा मारला. एका न झालेल्या शाळेच्या खटल्यातला हा शेरा पुढे कित्येक दशके माओरींच्या हक्कांच्या आड येत राहिला. राजसत्तेने न्गाती तोआची औपचारिक क्षमा मागितली ती २०१४ मध्ये तडजोडीचा कायदा झाला त्या प्रक्रियेत.

१९८६ मध्ये पोरिरुआत एक सामुदायिक महाविद्यालय निघाले. आरंभी त्याचे नाव पारुमोआना होते. तुरोआ रॉयल हे माओरी शिक्षणतज्ज्ञ त्याचे पहिले प्रमुख. पुढे या संस्थेने फितिरेया हे नाव घेतले आणि परिचर्या, आरोग्य, समाजसेवा अशा क्षेत्रांतील मनुष्यबळ घडवणारी संस्था म्हणून ती ओळखली जाऊ लागली. खाडीकाठच्या या आवारात शिकणारा विद्यार्थी ज्या नावाच्या संस्थेत शिकतो, ते नाव शिक्षणासाठी दिलेल्या आणि शिक्षणाविनाच राहिलेल्या जमिनीचे आहे. समाजाची सेवा करायला निघालेल्या तरुणाला पहिली गोष्ट कळावी ती ही, की देण्याची सुरुवात त्याच्यापासून होत नाही. ज्यांना तो ‘गरजू’ समजतो त्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच दिलेले आहे आणि त्याची परतफेड अजून व्हायची आहे. पोरिरुआत समाजकार्य शिकवताना हा इतिहास प्रस्तावनेपुरता सांगून पुढे गेले तर मूळ धडाच निसटतो, कारण जबाबदारी दयेतून येत नाही, ती देण्याच्या जाणिवेतून येते.

हा विचार एका शहरापुरता राहिलेला नाही. न्यूझीलंडच्या समाजकार्य व्यवसायाने तो नियमांत उतरवला आहे आणि तसे करण्याची वेळ त्याच्यावर स्वतःच्या अपयशामुळे आली. १९८० च्या दशकात समाजकल्याण खात्याच्या ताब्यातील मुलांत माओरी मुलांचे प्रमाण इतके मोठे होते, की खात्याच्या कामाची चौकशी करण्यासाठी जॉन रांगिहाऊ यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमावी लागली. १९८६ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाचे नाव ‘पुआओ-ते-अता-तू’. खात्याच्या रचनेतच वंशभेद मुरलेला आहे, हे त्याने स्पष्टपणे मांडले. समाजसेवक व्यक्तिशः भले असतील, तरी व्यवस्था माणसांना त्यांच्या कुळापासून तोडत होती. त्यातून १९८९ मध्ये मुलांविषयीचा नवा कायदा आला. पुढे काळजीगृहांतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने २०२४ मध्ये अंतिम अहवाल दिला. १९५० ते २०१९ या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या देखरेखीखालील सुमारे दोन लाख मुले, तरुण आणि प्रौढ अत्याचाराला बळी पडले असावेत, असा त्याचा अंदाज आहे. अशा देशात समाजकार्याचा विद्यार्थी आपण चांगल्या हेतूने आलो आहोत एवढ्यावर भागवू शकत नाही, कारण चांगल्या हेतूने आलेल्यांचा इतिहास वस्तीला पाठ आहे.

समाजसेवकांच्या नोंदणीचा कायदा २००३ चा. २०२१ च्या फेब्रुवारीपासून नोंदणीशिवाय स्वतःला समाजसेवक म्हणवून घेण्यासच बंदी आली. नोंदणी मंडळाने ठरवलेल्या दहा मूलभूत क्षमतांपैकी पहिलीच माओरींसोबत काम करण्याची आहे आणि दुसरी विविध वांशिक व सांस्कृतिक गटांसोबत काम करण्याची. मान्यताप्राप्त शिक्षणक्रमात किमान १२० दिवसांचे पर्यवेक्षित क्षेत्रकार्य सक्तीचे आहे. पर्यवेक्षित म्हणजे अनुभवी समाजसेवकाच्या नजरेखाली केलेले, ज्यात विद्यार्थ्याने काय केले यासोबत ते करताना त्याच्या मनात काय चालले होते याचीही नियमित चर्चा होते. या चर्चेला हजेरी किंवा कानउघाडणी समजणे चुकीचे ठरेल. चिडलेल्या आईशी बोलताना विद्यार्थ्याचा आवाज का चढला, एखाद्या घराची अस्वच्छता त्याला धोक्याची वाटली की केवळ अनोळखी, असे प्रश्न तिथे निघतात आणि बऱ्याचदा उत्तरापेक्षा प्रश्न विचारला गेला हेच महत्त्वाचे ठरते. नोंदणी झाल्यावरही पर्यवेक्षण सुटत नाही. अनेक ठिकाणी त्याच्या जोडीला सांस्कृतिक पर्यवेक्षण असते, ज्यात त्या समाजातील जाणती व्यक्ती समाजसेवकाच्या वागण्याकडे आपल्या रीतीरिवाजांच्या अंगाने पाहते.

क्षेत्रकार्य सुरू होण्याआधी बहुधा मराएवर जावे लागते. मराए म्हणजे माओरी समूहाचे सभागृह आणि त्यापुढचे मोकळे अंगण मिळून होणारे सामुदायिक ठिकाण. पोरिरुआत न्गाती तोआचे मराए ताकापूवाहिया या वस्तीत आहे. पाहुण्यांना तिथे थेट आत शिरता येत नाही. त्यांनी फाटकापाशी थांबायचे असते. यजमान गटातील स्त्रीने उंच स्वरात साद घातली आणि पाहुण्यांतील स्त्रीने तिला प्रतिसाद दिला, की सर्वांनी एकत्र, सावकाश पावले टाकत अंगण ओलांडायचे. मग भाषणे होतात आणि प्रत्येक भाषणानंतर वक्त्याच्या बाजूच्या लोकांनी उभे राहून गाणे म्हणायचे असते, त्यामुळे गाणे पाठ नसलेल्या विद्यार्थ्यांची तिथेच पंचाईत होते. त्यानंतर नाकाला नाक लावून अभिवादन आणि शेवटी एकत्र जेवण, ज्याने पाहुणे परके राहत नाहीत. स्वतःची ओळख करून देतानाही आपले गाव, डोंगर, नदी, कुळ सांगायचे असते. पदवी आणि पद नंतर येते. आपल्याकडील क्षेत्रकार्यात विद्यार्थी संस्थेचे ओळखपत्र गळ्यात अडकवून चाळीत शिरतो, तेव्हा ‘तुम्ही कोण’ हा प्रश्न वस्तीने विचारायच्या आतच तो सर्वेक्षणाची प्रश्नावली काढतो. मराएवर हा क्रम उलटा होतो.

दुसरा धडा कुटुंब-बैठकीचा. १९८९ च्या कायद्याने आणलेल्या या पद्धतीत मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न निर्माण झाला, की त्याच्या फानाऊला, म्हणजे आजी-आजोबा, काका, आत्या, मावश्या धरून साऱ्या गोतावळ्याला, एकत्र बोलावले जाते. समन्वयक आणि व्यावसायिक मंडळी आपल्याकडची माहिती स्वच्छ शब्दांत समोर ठेवतात आणि मग, कायद्यानेच सांगितल्याप्रमाणे, कुटुंबाला आपापसात बोलता यावे म्हणून खोलीबाहेर जातात. चार वर्षे शिकून आलेल्या माणसाने योजना आखायच्या ऐन वेळी उठून व्हरांड्यात बसणे ही सोपी गोष्ट नाही. आत काय ठरते आहे हे ठाऊक नसताना बाहेर थांबणे हेही कौशल्य आहे आणि ते व्याख्यानातून येत नाही.

कॅनन्स क्रीकसारख्या वस्तीत सेवेची आणखी एक तऱ्हा दिसते. वेस्ली कम्युनिटी ॲक्शन ही मेथडिस्ट परंपरेतील संस्था आणि सार्वजनिक आरोग्य यंत्रणा यांच्या पुढाकाराने या भागात फळे-भाज्यांची सहकारी खरेदी सुरू झाली. कुटुंबे आठवडाभर आधी ठरावीक रक्कम भरतात, जमलेल्या पैशांतून घाऊक भावाने माल आणला जातो आणि वस्तीतलेच स्वयंसेवक सभागृहात बटाटे, गाजरे, सफरचंदे यांचे सारखे वाटे घालतात. धान्यवाटपाच्या रांगेत देणारा आणि घेणारा हे दोन पक्ष असतात. इथे रांगच नसते, कारण वाटा घालणाऱ्या बाईचीही पिशवी त्याच ओळीत असते. अशा ठिकाणी आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला खोकी उचलणे आणि वजन करणे एवढेच काम येते. ते पाहून काही जण हिरमुसतात, काहींना मात्र त्यातूनच कळते की वस्ती आपल्यावाचूनही चालते.

शहराच्या पश्चिम भागातील नऊशेहून अधिक सरकारी घरांचे व्यवस्थापन २०२० मध्ये न्गाती तोआच्या ते आहुरू मोवाई या संस्थेकडे आले, तर आरोग्यसेवेत ओरा तोआ ही जमातीचीच संस्था काम करते. एकेकाळी जिची जमीन गेली तीच जमात आज घरांचे व्यवस्थापन पाहणारी आणि आरोग्यसेवा पुरवणारी झाली आहे, त्यामुळे इथे शिकणाऱ्याच्या मनातले ‘लाभार्थी’चे चित्र फार काळ टिकत नाही.

मराठी वाचकाला यातले बरेचसे अगदीच अपरिचित वाटण्याचे कारण नाही. भारतातील समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण मुंबईतच सुरू झाले आणि तेही एका वस्तीतून. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकी कार्यकर्त्याने १९२० च्या दशकात नागपाड्यात नेबरहूड हाऊस चालवले. कामगारांच्या दाटीतल्या या केंद्राच्या अनुभवातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालय उभे राहिले, जे पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आले. मुंबईतील निर्मला निकेतन १९५५ चे, पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची. या परंपरेत आठवड्यातील काही दिवस वर्ग आणि काही दिवस क्षेत्रकार्य अशी जोडणी पहिल्यापासून आहे. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक निवासी श्रमसंस्कार शिबिर हा तिचा साचा. या योजनेने हजारो शहरी मुलांना आयुष्यात प्रथमच खेड्यात मुक्काम घडवला, हे तिचे श्रेय कमी नाही. मात्र तिच्यात महाविद्यालय गाव दत्तक घेते. गावाने महाविद्यालय दत्तक घेतल्याचे अद्याप ऐकिवात नाही.

सेवा आणि शिक्षण यांना बरोबरीने बांधण्याचा विचार अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आला. त्याच्या प्रवर्तकांपैकी रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये त्याची तत्त्वे मांडली, तेव्हा सेवा कोणती आणि कशी द्यायची याचे नियंत्रण ती घेणाऱ्यांच्या हाती असावे, हे त्यांनी पहिल्या क्रमांकावर ठेवले. विचारवंत इव्हान इलिच यांनी तर १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवेसाठी आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना त्यांच्या सदिच्छांसह घरी परत जाण्याचा सल्ला दिला होता. इलिच यांचे म्हणणे जसेच्या तसे मान्य केले तर समाजकार्याचे शिक्षणच बंद करावे लागेल. सिग्मन यांचे तत्त्व नुसते कागदावर ठेवले तर काहीच बदलणार नाही. पोरिरुआची वाट या दोहोंमधून जाते, आणि ती शक्य होते कारण तिथे समाजाच्या हातात नियंत्रण आहे असे मानावे लागत नाही. करार, कायदा, घरे आणि दवाखाने या रूपाने ते प्रत्यक्षात काही प्रमाणात आहे. ज्या वस्तीकडे यातले काहीच नाही, तिथे विद्यार्थ्याच्या नम्रतेवरच सारी भिस्त राहते, आणि नम्रता शिकवण्याचा भरवशाचा मार्ग अजून कुणाला सापडलेला नाही.

भारतात पदवी घेऊन न्यूझीलंडला जाणाऱ्या समाजसेवकांनाही या चौकटीतून जावे लागते. परदेशी पदवीची मंडळाकडून तपासणी होते आणि माओरींसोबत काम करण्याची क्षमता त्यांनाही सिद्ध करावी लागते. नागपाड्यात किंवा मेळघाटात काम केल्याचा अनुभव तिथे निरुपयोगी ठरत नाही, पण दुसऱ्याच्या भूमीवर आपण कोणत्या करारामुळे उभे आहोत, हा प्रश्न त्या अनुभवात कधी आलेला नसतो.

या साऱ्या मांडणीत एक मोठी उणीव मात्र आहे, आणि ती पैशाची आहे. १२० दिवसांचे क्षेत्रकार्य म्हणजे आठवड्याचे पाच दिवस धरले तर जवळजवळ सहा महिन्यांचे पूर्णवेळ काम, जे सर्वसाधारणपणे बिनपगारी असते. घरभाडे, मुलांचा सांभाळ, गाडीचे पेट्रोल हे त्या काळात थांबत नाही, त्यामुळे अनेक विद्यार्थी दिवसा क्षेत्रकार्य आणि रात्री किंवा शनिवार-रविवारी नोकरी असे दिवस ढकलतात, तर काही जण शेवटच्या टप्प्यात शिक्षण सोडतात. कॅनन्स क्रीकमध्ये वाढलेली, चाळिशीला टेकलेली, सामोअन बोलणारी आणि सरकारी घराचे भाडे थकले की काय होते हे स्वतः अनुभवलेली स्त्री या व्यवसायाला सर्वात जास्त हवी असते, आणि सहा महिने पगाराविना काढणे तिलाच सर्वात अवघड जाते. विद्यार्थ्यांनी याविरुद्ध मोहीम उभारून क्षेत्रकार्याच्या काळात मानधन मिळावे अशी मागणी सरकारपुढे ठेवली आहे. त्यांच्या बाजूचा एक दाखला पोरिरुआतच आहे. न्यूझीलंडचे पोलीस प्रशिक्षण महाविद्यालय याच शहरात, पापाकोफाई भागात आहे, आणि तिथे दाखल होणाऱ्या प्रशिक्षणार्थींना शिकत असतानाच वेतन सुरू होते.